स्वागताच्या दिवशी गोलात

मित्रांनो, माझा बाक कोणी वाफेवर धरून आणलेला नाही. झाडाचे खोड जमिनीत शिरताना मुळाकडे जिथे वळते, तिथे तो आधीपासूनच होता. मिकमॅक या तिथल्या आदिवासी जमातीतल्या इसाक ग्लोड नावाच्या कारागिराने ते वळण हेरले, झाड मुळासकट काढले, सावलीत वाळवले आणि त्यातून मला तासले. माझ्या लाकडाचे तंतू दांड्यातून पात्यात कुठेही न तुटता उतरतात. म्हणून मी, बर्फावरच्या हॉकीतली गोलरक्षकाची जुनी काठी, इतके फटके खाऊनही एकसंध आहे. जवळजवळ एकसंध. जी एक चीर पडली, तिचीच गोष्ट सांगायची आहे.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात मुलींच्या एका निवासी शाळेने मला विकत घेतले. शाळेमागे तळे होते. ते गोठले की मुली स्केट्स बांधून त्यावर उतरत आणि रबराच्या जाड चकतीमागे अशा धावत, की चर्चमध्ये मान खाली घालून बसणाऱ्या त्या याच का, असा प्रश्न पडावा. थंडीत ती चकती दगडासारखी होते. माझ्या पात्यावर आदळली की तिचा कंप दांड्यातून चढत हेटीच्या खांद्यापर्यंत जाई. हेटी आमची गोलरक्षक. ती फार बोलत नसे. चकती अडवली की मला दोनदा बर्फावर आपटे, तेवढीच माझी शाबासकी.

सर्वांत जोरात मारणारी होती वर्ना झ्विकर. कोळ्याची पोर, शिष्यवृत्तीवर आलेली. तिच्या मोठ्या बहिणी बंदरावर मासे चिरून त्यांत मीठ भरत आणि त्यांच्या बोटांच्या भेगा कधी मिटत नसत. वर्नाला तिथे परत जायचे नव्हते, आणि हॉकी सोडली तर आपल्यात काही आहे असे तिला वाटत नव्हते. मी सांगते आहे त्या स्वागताच्या आदल्या हिवाळ्यात सरावात तिच्या एका फटक्याने हेटीचे पुढचे दोन दात पाडले. हेटी रक्त थुंकत उभी होती, तेव्हा वर्ना म्हणाली, “तोंड मध्ये कशाला आणलंस?”

त्यानंतर जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि मिस मॅक्स्वीन येणार असे कळले. विश्वस्तांनी त्यांना हॉकी बंद करायलाच आणले आहे, अशी कुजबुज त्या यायच्या आधीच शाळाभर झाली होती.

आमच्याकडे नव्या मुख्याध्यापिकेचे स्वागत भाषणांनी होत नसे. तळे नीट गोठले की त्यांनी गोलात उभे राहायचे, वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीने एकेक चकती मारायची, आणि जितके गोल होतील तितक्या दुपारी शाळेला सुट्टी. मुली हळू मारत, बाई लटकेच झेपावत, स्कर्ट सावरत हसत, आणि मग सगळ्या गरम कोको प्यायला आत जात. आधीच्या बाईंनी तर एक चकती स्वतःच पायाने आत ढकलली होती. ही रीत कोणी कोणाला समजावून सांगत नसे. मिस मॅक्स्वीनना फक्त गोलात उभे राहा एवढेच सांगितले गेले.

त्या लांब कोट आणि जाड बूट घालून आल्या. हेटीने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी मला तोलून पाहिले, हात थोडा खाली सरकवला, आणि मला कळले की या हाताला सवय आहे. पहिली चकती घरंगळत आली. त्यांनी ती अडवली. दुसरीही अडवली, तिसरीही. मुलींचे हसू ओसरत गेले. मुद्दाम गोल होऊ देणे म्हणजे या मुलींचा अपमान, असे बाईंना वाटत होते. मुलींना वाटले, ही बाई आल्या आल्या आमच्या सुट्ट्या हिसकावते आहे.

“बाई, स्वागत तुमचं आहे, सुट्टीचं श्राद्ध घालू नका,” मागून कोणीतरी म्हणाले.

बाई हसल्या. “मग जरा जोर लावा की. माझे भाऊ झोपेत लाथा मारायचे, त्यासुद्धा याहून जोरात.”

ते वर्नाला झोंबले. तिची पाळी शेवटची होती. “हिला आल्या पावली परत धाडते,” ती हेटीला म्हणाली.

“अगं, स्वागत आहे. शिकार नाही.”

“तू गप गं, बोळके.”

वर्ना लांबून धावत आली. शेवटच्या क्षणी तिचे मनगट वळलेले मी पाहिले. चकती बर्फ सोडून वर उठली. बाईंनी मला उचलले, पण उशीर झाला. चकती माझ्या टोकाला घासून त्यांच्या भुवईवर बसली. हाडावर रबर आदळल्याचा आवाज फार मोठा नसतो. कपाळाचे रक्त मात्र फार वाहते. ते डोळ्यात गेले, कोटावर गेले, बर्फावर पडून थिजू लागले. बाई गुडघ्यांवर आल्या, पण त्यांनी मला सोडले नाही.

हेटी वर्नावर तुटून पडली. दोघी कोसळल्या. हेटीने तिचे डोके केसांना धरून बर्फावर आपटले, वर्नाने हेटीच्या पोटात गुडघा घातला. दोघींना सोडवायला धावलेल्या मुलींचेच दोन तट पडले. काठ्या आधी काठ्यांवर बसल्या, मग नडग्यांवर, मग बोटांवर. एकीचे बोट मोडले. ती किंचाळत खाली बसली, तर दुसरी तिच्या अंगावरून गेली. सगळ्या हिवाळ्यांचा राग त्या तळ्यावर बाहेर आला होता.

बाई उठल्या. एक डोळा मिटलेला, तशाच मला आडवे धरून गर्दीत घुसल्या. वर्ना उठून उभी राहिली होती, फाटलेल्या ओठातून रक्त गळत होते, आणि तिने दोन्ही हातांनी काठी फिरवली. ती हेटीच्या मानेवरच बसली असती. बाईंनी मला मध्ये घातले. फटक्याचा काही जोर माझ्या तंतूंनी जिरवला, उरलेला बाईंच्या मनगटात गेला. मला उभी चीर पडली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला आणि हात थांबले.

संध्याकाळी आजाऱ्यांच्या खोलीत बाईंच्या भुवईला टाके घातले, मनगट बांधले. मी खाटेशी टेकून उभी होते. विश्वस्त मिस्टर हेब दारातूनच म्हणाले, की त्या कोळ्याच्या पोरीला उद्याच घरी पाठवा आणि हा धुडगूस कायमचा बंद करा. बाई म्हणाल्या, आधी मी मुलीशी बोलते.

वर्ना आली ती आपले सामान बांधूनच. तिचे ओठ सुजले होते. “हॉकी बंद करायलाच आला होतात ना तुम्ही?”

“कोपऱ्यातली माझी पेटी उघड.”

पेटीत कपड्यांवर एक मुखवटा होता, तलवारबाज घालतात तसा, बारीक तारेच्या जाळीचा.

“हा कोणाला?”

“तुमच्या गोलरक्षकाला. तिचे दात गेल्याचं मला कळवलं होतं. कोणी पाडले, ते नव्हतं कळवलं.”

वर्नाने मुखवटा उचलून खाटेवर ठेवला. “मी,” ती म्हणाली.

“माफी मागितलीस?”

तिने मान हलवली. नाही.

“उद्यापासून हा हिवाळाभर गोलात तू उभी राहशील. बाकीच्या मारतील.”

“म्हणजे मला घरी नाही पाठवणार?”

“मासे चिरून तू सुधारशील असं मला वाटत नाही. सामान सोड जा.”

बाईंनी आपले ऐकले नाही या रागाने मिस्टर हेब पुढे बरेच महिने शाळेकडे फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझी चीर डांबर लावलेल्या दोरीने आवळून मला वर्नाच्या हातात दिले. जाळीआड तिचा श्वास जोरात चालला होता. तिने मला फार वर धरले होते. समोर हेटी चकती घेऊन उभी राहिली. एवढी जोरात चकती येताना वर्नाने समोरून कधी पाहिलीच नव्हती. हेटीने काठी मागे नेली आणि जीव खाऊन मारली. चकती वर्नाच्या दंडावर बसली. ती कळवळून वाकली. कोणी हसले नाही.

“दुखलं?” हेटीने विचारले.

“हो.” मग जाळीआडूनच, “तुझे दात... चुकलं माझं.”

“बरं. आता नीट उभी राहा. दुसरी येतेय.”

मित्रांनो, आता मी शाळेच्या बॉयलरमागे पडून आहे. तिथल्या कोरड्या उष्णतेने माझी चीर रुंदावते आहे. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी काठी असेल, तर तिला जवसाचे तेल लावा आणि आगीपासून लांब ठेवा. आणि ती हातात घेऊन कोणाला जोराने मारावेसे वाटले, तर आधी थोडा वेळ तिच्यासह गोलात उभे राहा.