तीन चालींत हरलेला कॉम्प्युटर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्यातून आयुष्यात एकदाही धूर निघालेला नाही. टीव्हीवर जो दिसला, तो उदाचा होता.

माझे सुटे भाग कुठून कुठून आले, पुण्यात जोडले गेले आणि त्र्याण्णव साली मी कोल्हापुरातल्या एका बुद्धिबळ मंडळात येऊन पडलो. मंडळ म्हणजे तालमीच्या माडीवरची एक खोली. खाली लाल मातीत पोरं कुस्ती खेळायची, वर आम्ही गप्प बसून डोकी झिजवायचो. मंडळ चालवणारे आण्णा म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांनी माझ्यात बुद्धिबळाचा प्रोग्राम घालून घेतला. सुरुवातीला काय कौतुक माझं! लोक चपला बाहेर काढून बघायला यायचे. मी सगळ्यांना हरवू लागलो तसं कौतुक आटलं. रोज येणारी उरली एकटी संयोगिता, शाळेतली पोर. रोज हरायची, कुठं चुकलं ते बघायची आणि पुन्हा बसायची.

आता त्या सिनेमा-मालिकावाल्यांचं सांगतो. मंडळात एक टीव्ही होता, त्यामुळे त्यांचं अज्ञान मला वर्षानुवर्षं बघावं लागलं. त्यांच्यातला कॉम्प्युटर लाल दिवे मिचकावतो, घोगऱ्या आवाजात बोलतो, वर हसतो. कशाला हसेल? मग कुणीतरी हुशार माणूस येतो, पटाकडे एक नजर टाकतो आणि ‘शह आणि मात’ म्हणतो. समोरचा दचकतो. अरे, खेळणाऱ्याला आपला राजा मरतोय हे केव्हाच कळलेलं असतं. दचकतो तो फक्त दिग्दर्शक.

असलाच एक दिग्दर्शक सत्त्याण्णव साली आमच्या माडीवर आला. त्याच्या मालिकेचा नायक पैलवान होता आणि तो बुद्धिबळात कॉम्प्युटरला हरवणार होता. खेळाची जाहिरात होईल म्हणून भोळ्या आण्णांनी मला दिलं. त्या शहाण्यांनी मला चालूसुद्धा केलं नाही. माझ्या काचेवर हिरव्या आकड्यांचा कागद चिकटवला आणि मागं धुपाटण्यात ऊद पेटवला.

“काका, पट आडवा मांडलाय. उजव्या हाताला पांढरं घर पाहिजे,” संयोगिता म्हणाली.

“बाळ, एवढं कोण बघतंय?” दिग्दर्शक म्हणाला.

नायकानं माझ्यासमोर शड्डू ठोकला, घोडा सरळ रेषेत नेला आणि तिसऱ्या चालीत मला मात दिली. माझ्यामागून धूर निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला किळस आली.

पण खरं नुकसान झालं ते संयोगिताचं. तिला राज्य स्पर्धेसाठी पुण्याला जायचं होतं आणि तिचे वडील पिराजी तयार होत नव्हते. ते गंगावेशीत म्हशी घेऊन उभे राहायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण टीव्हीवर त्यांचा फार विश्वास. ती मालिका बघून ते दुसऱ्याच दिवशी माडीवर आले.

“हेच डबडं न्हवं?” माझ्याकडं बोट करून ते पोरीला म्हणाले. “त्या गड्यानं तीन चालींत धूर काढला ह्येचा. तू रोज हरतीस. पुण्याला जाऊन काय करणार हाईस?”

मला बोलता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी दिग्दर्शकाच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

“पिराजीराव, एक डाव बसून बघा. मग काय ते ठरवा,” आण्णा म्हणाले.

पिराजी हाताची घडी घालून बसले. संयोगितानं डाव मांडला. मी सोडत नव्हतो. दया माझ्यात घातलेलीच नाही. वजीर गेले, हत्ती गेले, तिचं एक प्यादं मी जास्तीचं खाल्लं, तरी ती हटेना. चहा येऊन गार झाला. खालची तालीम सुटून पोरं घरी गेली. शेवटी पटावर दोनच राजे उरले आणि माझ्या काचेवर एक बारीकशी ओळ उमटली. दिवे नाहीत, आवाज नाही.

“झालं?” पिराजींनी विचारलं.

“व्हय आबा. बरोबरीत सुटला.”

पिराजी उठले आणि पोरीच्या कपाळावरनं हात फिरवला. हात ओला झाला. ते तो बघतच राहिले.

“मी ह्याच तालमीत वाढलोय,” ते आण्णांना म्हणाले. “कुस्ती घासून झाली की गडी असा भिजतोय. टीव्हीवरल्या त्या गड्याला घामाचा थेंब न्हवता. ती नूरा हुती, मास्तर. आधी ठरवून केल्याली कुस्ती.” मग पोरीकडं न बघता म्हणाले, “पुण्याची गाडी कितीला हाय?”

पुण्यात ती सहावी आली. मालिकावाल्यांनी तिला पहिली आणून वर फुलं उधळली असती. मला सहावी आवडली.

पुढं नवे, पातळ कॉम्प्युटर आले आणि मला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. टाकू देत. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कुणी रोज हरून पुन्हा खेळायला बसत असेल, तर पडद्यावरच्या कुणाचं नाव काढून तिला उठवू नका. तिला बसू द्या.