आर्डिसची हिरवी सायकल आणि दोन स्टँड

आमच्या ट्वायलाला जुळं झालं ते २००३ साल. दोन्ही मुलं एप्रिलमधल्या शेवटच्या बर्फात जन्मली आणि आर्डिस, माझी बायको, महिन्यातले दहा-दहा दिवस लेकीकडे मॅडिसनला राहू लागली. उरलेले दिवस ती सायकल चालवायची. चीजच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती.

आमच्या गावातून पूर्वी रेल्वे जायची. ती बंद पडली, रूळ उखडले आणि त्या जागी बारीक खडीची सायकलवाट झाली. आर्डिस आणि तिच्या मैत्रिणी त्या वाटेने जुन्या बोगद्यापर्यंत जायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपली तेव्हा तिने स्वतःसाठी सायकल घेतली होती. फिकट हिरवी, पातळ पोलादी नळ्यांची, इतकी हलकी की मी एका हाताने ती गॅरेजच्या खुंटीला टांगायचो. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून मी ट्रॅक्टर दुरुस्त करत आलोय. म्हणून सायकलचं सगळं काम माझ्याकडे होतं. मी ती अंगणात उलटी करायचो, चाकं आभाळाकडे, आणि गुडघ्यांवर बसून चेन पुसायचो.

"अरे ऑर्विन, सीट फाटली की माझी," ती म्हणायची. "आणि ब्रेकच्या दांड्यांना माती लागते ती निराळीच."

"सायकल आहे ती, बाळ नाही."

"बाळं दोन आहेत आपल्याकडे. त्यांना तरी असं उलटं धरू नकोस."

मे महिन्यात गिअर कुरकुरायला लागले. मी दोन संध्याकाळी खपलो. सायकल उलटी असली की गिअरची तार डोळ्यांपुढे उलटी दिसते, आणि मी जे घट्ट करायचं ते सैल केलं. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, आर्डिसने सायकल हाताने ढकलत कुंपणाच्या छोट्या फाटकातून शेजारी नेली. शेजारी मायलो कुबियाक राहायचा.

मायलोने तीस वर्षं त्या रेल्वेच्या रुळांवर काम केलं, आणि शेवटी ते रूळ उखडणाऱ्या टोळीतही तोच होता. बायको वारून त्याला आठ वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावचं सायकलचं दुकान बंद झालं तेव्हा त्याने तिथला दुरुस्तीचा स्टँड विकत आणला. खाली लोखंडाची जाड पाटी, वर खांब आणि त्याला गोल जबडा. जबड्यात सायकल पकडली की ती कमरेइतक्या उंचीवर उभी राहते, मागचं चाक मोकळं फिरतं, आणि माणूस सरळ उभा राहून पॅडल फिरवत गिअर लावतो. पाठ वाकवायला नको.

अर्ध्या तासात गिअर लागले. आर्डिस मात्र दीड तासाने परत आली.

मंगळवार सकाळ आमची होती, हे सांगायला हवं. मला अक्षरं उशिरा आली, चोपन्नाव्या वर्षी, आणि ती तिनेच शिकवली. दर मंगळवारी गावचं साप्ताहिक यायचं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवायचो, मृत्यूच्या बातम्यांपासून गाईंच्या लिलावापर्यंत. त्या मंगळवारी साप्ताहिक टेबलावर घडी न मोडता पडून राहिलं. पुढच्या मंगळवारी चेन सैल होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी काय होतं ते मी विचारलं नाही, कारण ती रूबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन निघाली होती, आणि मोसमातला पहिला केक नेहमी माझा असायचा.

"दुरुस्तीचे पैसे तो घेत नाही," ती म्हणाली. "काहीतरी द्यायला नको?"

"अख्खा?"

"अर्धा दिला तर अर्धा कोणी खाल्ला असं विचारेल ना तो."

मी गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. कुंपणापलीकडून हसू ऐकू येत होतं. मायलो काहीतरी सांगायचा, मग दम घेऊन खोकायचा, आणि मग आर्डिस हसायची. चाळीस वर्षांत तिचं ते हसू मी नाचाच्या सभागृहात ऐकलं होतं, ट्वायलाच्या लग्नात ऐकलं होतं. माझ्या गॅरेजमध्ये कधी ऐकलं नव्हतं. माझ्या मनात काही घाणेरडं आलं नाही; दोघंही सत्तरीला आलेले. पण छातीत कोणीतरी स्क्रू पिळत असल्यासारखं वाटायचं. मंगळवार जवळ आला की सोमवारपासूनच जेवण जायचं नाही.

शेवटी मी ठरवलं की आपणही स्टँड घ्यायचा. स्टँड आला की सायकल फाटकापलीकडे जायचं कारणच उरणार नाही.

जूनमध्ये मी ला क्रॉस शहरातल्या सायकलच्या दुकानात गेलो. काउंटरवर सोल्वेग नावाची उंच मुलगी होती, हात कोपरापर्यंत काळे.

"घरी किती सायकली आहेत, आजोबा?"

"एक. बायकोची."

"मग हा घ्या. तीन पाय, घडी होतो, हलका आहे. फार महागही नाही."

"याहून वजनदार नाही का?"

"वजन कशाला हवंय?"

"शेजाऱ्याकडे आहे त्याच्या खाली लोखंडाची पाटी आहे. उचलायला दोन माणसं लागतात."

ती हसली. "तो दुकानातला आहे, दिवसाला दहा सायकलींसाठी. तुम्ही काय शेजाऱ्याची सायकल दुरुस्त करणार आहात?"

"त्याला स्वतःची सायकलच नाही," मी म्हणालो. खरंच नव्हती. ते आठवून मला आणखीच राग आला.

"हे बघा, पायांकडे बघू नका, जबड्याकडे बघा," ती म्हणाली. "आतलं रबर मऊ पाहिजे. नखाने दाबून बघायचं. जबडा किती घट्ट होतोय ते हाताला कळलं पाहिजे. आणि सायकल धरताना कुठे धरायची—"

"सायकल धरता येते मला."

ती एका गिऱ्हाइकाचं चाक बघायला गेली. हलका स्टँड मला काही रुचला नाही. मायलोच्या दारातून दिसला असता तर खेळण्यासारखा दिसला असता. नवा वजनदार घ्यायचा तर माझ्या पेन्शनला झेपणारा नव्हता.

जुलैत लूथरन चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंची विक्री भरली. कॉफीची भांडी आणि मुलांचे स्केट यांच्यामध्ये एक स्टँड आडवा पडला होता. जाड लोखंडी पाय, निळा रंग उडालेला, जबडा चौकोनी. उचलून बघितला तर खांदा भरून आला. मला तेवढंच पुरे होतं. जबड्याचं रबर वाळून काचेसारखं झालं होतं, ते मी बघितलं पण मनावर घेतलं नाही. खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत माहितीचा कागद बांधला होता. तो मला वाचता आला असता. मी तो घडी घालून खिशात ठेवला. स्टँड कसा लावायचा हे का कोणी कागदावरून शिकतं, असं मला वाटलं.

आर्डिस तेव्हा मॅडिसनला होती. ती यायच्या आत सायकल नवी कोरी करून ठेवायची, असं माझ्या मनात होतं. मी सायकल उचलली आणि आडवी नळी जबड्यात दिली, कारण उचलायला तीच सोयीची पडते. मग जबडा आवळायची दांडी पिळली. सायकल जरा झुलली, म्हणून आणखी पिळली. पलीकडे मायलोच्या गॅरेजचं दार वर जाताना ऐकू आलं, त्याच्या रेडिओवर पोल्का नाचाची धून लागली, आणि मी आणखी एकदा पिळली. आवाज फार झाला नाही. पत्र्याचा डबा चेपल्यावर होतो तेवढाच.

जबडा सोडला तर नळीच्या दोन्ही अंगांना अंगठ्याएवढे दोन खळगे पडले होते. हिरवा रंग तडकून खालचं पोलाद दिसत होतं.

मग मी कागद वाचला. दुसऱ्याच ओळीत जाड अक्षरांत होतं: सायकल सीटच्या दांडीला धरावी, पातळ नळीला कधीही धरू नये.

आर्डिस शुक्रवारी आली. मुलांचे फोटो दाखवून झाल्यावर गॅरेजमध्ये गेली. मी तिच्या मागे दारात उभा. तिने खळग्यावरून बोट फिरवलं, दोनदा.

"हे काय झालं?"

आता जे लिहितोय ते त्या वेळी मला आधी सुचलंही नव्हतं. तोंडातून आपोआप आलं.

"शेवटची कोणाच्या स्टँडवर होती?" मी म्हणालो. "तूच नेली होतीस ना."

निळा स्टँड मी घडी करून जुन्या ताडपत्रीखाली सरकवून ठेवला होता.

"मायलो असं करणार नाही."

"माणूस म्हातारा होतो, आर्डिस. खोकतो, हात थरथरतो."

ती सायकल घेऊन फाटकातून गेली. मी कुंपणाशी, टोमॅटोच्या वाफ्यात, वाकून तण उपटत राहिलो. मायलोने चष्मा लावला, सायकल उजेडात धरली आणि बराच वेळ बघितलं. मग त्याने कुंपणाकडे बघितलं. मी तणच उपटत होतो.

"हं," तो म्हणाला. "माझ्याकडूनच झालं असेल, बाई. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

"मला आधी का नाही सांगितलंस मायलो? मॅडिसनला जायच्या आधी मी तशीच चालवली."

"लक्षात आलं नाही. भरून देतो मी."

"पैशांचं नाही रे," आर्डिस म्हणाली. "लपवलंस म्हणून वाईट वाटतंय."

त्यानंतर ती मंगळवारी तिकडे गेली नाही. ऑगस्टमध्ये मी निळा स्टँड उघड केला, कुठल्याशा विक्रीत परवाच मिळाला असं सांगून. ती सायकल माझ्याकडे आणायला लागली. मी ती सीटच्या दांडीला धरायचो आणि तार लावायचो. ती उलट्या बादलीवर बसायची. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. साप्ताहिकही पुन्हा सुरू झालं. पण वाचता वाचता मी मान वर केली की ती खिडकीतून मायलोच्या बंद दाराकडे बघत असायची, आणि मला वाटायचं की पूर्वी ती तिकडे दीड तास असायची, आता दिवसभर तिकडेच असते.

सप्टेंबरच्या शेवटी ती पुन्हा मॅडिसनला गेली असताना मायलो फाटकातून आला. त्याच्या हातात रबराची काळी पट्टी होती.

"तुझ्या जबड्याचं रबर वाळलंय," तो म्हणाला. "ही माझ्याकडे पडून होती. कापून बसव."

"तुला काय ठाऊक माझं रबर वाळलंय ते?"

"खळग्याला कोपरे आहेत, ऑर्विन. माझा जबडा गोल आहे."

मी पाना खाली ठेवला. "मग तिला का नाही सांगितलंस?"

तो बादलीवर बसला, आर्डिस बसायची तिच्यावरच, आणि खोकला थांबेपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून थांबला.

"तिला तुझ्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला. "माझ्याकडे ती फक्त मंगळवारी यायची."

"आणि तुला चालतं हे? ती तुला लबाड समजते ते?"

"नाही चालत," मायलो म्हणाला. "पट्टी नीट चिकटव. टोकं आधी घासून घे."

एवढं बोलून तो गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला त्याचा स्टँड हवा होता, तिचं हसू हवं होतं, आणि आता त्या माणसाचं ते गप्प राहणंही त्याच्याकडेच होतं. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. पाच दिवस मी त्या पट्टीला हात लावला नाही.

ऑक्टोबरच्या चार तारखेला, शनिवारी, आर्डिस परत आली. ती सफरचंदं सोलत होती.

"खळगे मी पाडले," मी म्हणालो. "जुलैत. स्टँड तेव्हाच आणला होता."

सुरी थांबली.

"आणि मायलो हो म्हणाला?"

"हो."

"दोन महिने मी त्या माणसाशी धड बोलले नाही, ऑर्विन."

"हो."

"नुसतं हो हो करू नकोस. कशासाठी केलंस?"

"तू तिकडे हसायचीस."

तिने सुरी टेबलावर ठेवली. "मग इथे हसायला काही सांगतोस का तू कधी? वाचताना ओळीवरून बोट काढत नाहीस. मी शेजारी आहे की उठून गेले, तुला पत्ता नसतो. तो निदान मान वर करून बोलतो."

"मान वर केली की ओळ हरवते माझी."

"हरवू दे की!" ती ओरडली, आणि मग पाठ वळवून पुन्हा सफरचंद सोलायला लागली.

मंगळवारी तिने सफरचंदाचा केक कापडात गुंडाळला, सायकल काढली आणि फाटकाशी गेली. सायकलमध्ये काही बिघाड नव्हता. आदल्या दिवशी मीच गिअर बघितले होते. मी तिला थांबवलं नाही. माझ्यासाठी टेबलावर एक तुकडा ठेवला होता. मी तो समोर घेऊन साप्ताहिक उघडलं. बराच वेळ पलीकडून काही ऐकू आलं नाही. मग मायलो खोकला आणि ती हसली. छातीतला स्क्रू पूर्वीइतकाच पिळला. मी पहिली बातमी तीनदा वाचली.

ती बरोबर दीड तासाने आली, टेबलाशी बसली आणि म्हणाली, "हं, वाच. कोण गेलं या आठवड्यात?"

अशी ती आणखी चार मंगळवार गेली. मायलो कुबियाक ९ नोव्हेंबर २००३ रोजी, रविवारी सकाळी, हृदय बंद पडून वारला. त्याच्या भाच्याने तो स्टँड आर्डिसला दिला. फाटकातून आणायला दोन माणसं लागली, त्यातला एक मी. आर्डिस १७ जून २०१४ रोजी वारली.