‘नको’चं बटण

मोबाइलवरून काहीही मागवायला जा, शेवटच्या पायरीवर आणखी एखादी वस्तू गळ्यात मारायला ॲपवाले टपलेलेच. हा ताप तुम्हाला-मला नवा नाही. पण हा ताप देणारं डोकं आपल्याच घरात असलं तर?

पडदे शिवणाऱ्या एका बापाची लेक ग्राहकांच्या मानसशास्त्रात एम.ए. करत होती. खरेदी करताना माणूस कसा भुलतो, हाच अभ्यास. प्रबंधासाठी तिचा प्रयोग एका खरेदीच्या ॲपवर चालू होता. वस्तूबरोबरचा जादा विमा नाकारायच्या बटणावर तिने लिहिलं, ‘नको, मला घरच्यांची काळजी नाही.’ झालं! नाकारणारे निम्म्यावर आले. कंपनीचे साहेब खूश, नोकरी जवळजवळ पक्की.

त्याच आठवड्यात बाबांनी तिच्या अभ्यासाच्या टेबलासाठी दिवा मागवला. कौतुकाने लावून दाखवला आणि विमाही घेतल्याचं सांगितलं. एवढ्याशा दिव्याला विमा? लेक हसायलाच लागली. एरवी बाबांना एखाद्या दुकानदाराने फसवून दाखवावं!

बाबा ओशाळले. “नको होता गं, कळत होतं मला. पण तिथे लिहिलेलं, घरच्यांची काळजी नाही म्हणून. दिवा तुझ्यासाठी घेत होतो. त्या वाक्यावर बोट ठेवायला मन होईना.”

तिचं हसू जागीच विरलं. ते वाक्य आपलंच, हे सांगताना तिला रडू फुटलं. बाबा रागावले नाहीत, त्यांनी जवळ घेतलं.

“हुशार आहेस तू. फक्त बटणापलीकडे कोण बसलंय, ते तुला दिसत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी तिने मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. हे आपणच आधी पाहायला हवं होतं, असं म्हणून बाईंनी प्रयोग थांबवला आणि साध्या ‘नको’वर नव्याने काम करायला एक सत्र वाढवून दिलं. साहेबांनी ते वाक्य काढून टाकलं आणि नोकरीचा विषयही बंद केला. तिला वाईट वाटलंच, का नाही वाटणार? पण बाई पाठीशी होत्या आणि बाबा घरी होते.

त्याच दिव्याखाली तिने प्रबंध पूर्ण केला. आभारात पहिलं नाव बाबांचं, मग बाईंचं. ते वाचून बाबा कितीतरी वेळ उगाच चष्मा पुसत बसले.

मंडळी, माणसाचं मन कुठे हळवं असतं हे कळणं ही मोठी विद्या आहे. ती ज्याला येते त्याने तिथे जपून हात ठेवावा, चिमटा काढू नये. आणि असं बटण तुमच्या पुढ्यात आलं, तर खुशाल ‘नको’ दाबा. तुम्हाला किती काळजी आहे, ते तुमच्या घरच्यांना ठाऊक असतं.