गोजराबाईचा चेहरा

"वन्सं, तुमी जा. गोदू घरात नाय," इंदुबाई दाराच्या फटीतून म्हणाली, आणि त्याच क्षणी आतून गोदू शिंकली.

बाहेर गोजराबाई उभी होती आणि तिच्यामागे देवी टोचणारे सावे, हातात पेटी घेऊन. सकाळपासून मुरबे गावातल्या एकाही घराने त्यांना दार उघडलं नव्हतं. पुरुष होड्या घेऊन दर्यावर गेलेले. बायकांनी पोरं कुठे उपड्या होडीखाली, कुठे भाताच्या कणगीमागे दडवलेली. टोचलं की देवी कोपते, घरात शिरते, असं सगळ्यांचंच म्हणणं. शिमगा उलटल्यापासून किनाऱ्यावरच्या दोन-तीन गावांत साथ पसरली होती आणि तिकडून सुक्या मासळीच्या टोपल्यांबरोबर मुरब्यात रोज कुणाचं तरी पोर गेल्याची बातमी येत होती. तरी दारं बंदच.

सावे घाम पुसत म्हणाले, "राहू द्या मावशी. जबरदस्ती करून काही होत नाही. मी सातपाटीला जातो."

गोजराबाई हलली नाही. पन्नाशीला आलेली ही बाई इंदुबाईच्या नवऱ्याची, विश्रामची, थोरली बहीण. सातव्या वर्षी तिला देवी आल्या आणि जाताना डावा डोळा घेऊन गेल्या. गालांवर, कपाळावर, नाकावर बोट बुडेल असे वण राहिले. दोनदा सोयरीक आली, दोनदा परत गेली. मग कुणी विचारलं नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही. पालघरच्या बाजारात ती सुकट-बोंबील विकायची, तेही पदर डाव्या अंगाने दातात धरून. गिऱ्हाइकाला तिचा एकच डोळा दिसायचा. भावाची पोरं तिनेच अंगाखांद्यावर वाढवली. थोरली दोघं आता बापाबरोबर होडीवर जायची. शेंडेफळ गोदू मात्र अजून आत्याच्याच कुशीत झोपायची.

गोजराबाईने दातातला पदर सोडला आणि पार खांद्यावर टाकला.

"इंदू, बग माज्याकडं."

"वन्सं, असं काय करता? रस्त्यात मानसं हायत."

"बगू दे. वीस वर्सं एका घरात ऱ्हातो आपण, तू मला कंदी सरळ बगितलं नाय. आज बग. टोचनारा आला तवा माज्या आयनं पन मला टोपलीखाली दडवलं व्हतं. वर सुकी मासळी घातली, कुनाला कळू नये म्हनून. मायेनंच दडवलं. मंग मरंपरेंत तिनं माज्याकडं बगितलं नाय. बोलायची ती भिंतीकडं बगून." तिचा आवाज चढला. "तुज्या पोरीला हे तोंड द्यायचं हाय काय? बोल!"

दार उघडलं.

गोदूला दोघींनी धरून बाहेर आणलं. साव्यांनी तिच्या दंडावर लसीचा थेंब ठेवला आणि दातेरी टोचणी काढली. ती दंडावर टेकवून पिळायची असते, मोठ्या माणसालाही कळ येते. टोचणी पाहताच गोदूने टाहो फोडला, हातपाय झाडायला लागली. इंदुबाई आधीच घाबरलेली. तिने पोरीची हनुवटी धरून तोंड वळवलं.

"गप! टोचून घे. नायतर आत्यासारखं तोंड होईल तुजं. बग, बग तिच्याकडं!"

गोदूने बघितलं. रडणं एकदम थांबलं. तोवर तिला ते फक्त आत्याचं तोंड होतं.

शेजारणी आपापल्या दारातून हे पाहत होत्या. त्यातली एक पुढे आली, म्हणाली, "बाय, माज्या सासूला जरा समजाव. तुजं ऐकंल." गोजराबाई तिच्या घरी गेली, मग त्याच्या पलीकडच्या. बोलायची फारशी गरज पडत नव्हती. ती दारात जाऊन पदर मागे करायची, आतली बाई बघायची, आणि पोर बाहेर यायचं. ऊन कलायला लागलं तेव्हा साव्यांची लस संपली होती. दुसऱ्या दिवशी पालघरहून आणखी लस घेऊन ते परत आले, तेव्हा लोक आपणहून रांगेत उभे होते.

मग पोरांना ताप आले, दंडांवर फोड उठले. देवी घरात आली म्हणून आळीत कुठे फोडणी पडली नाही, की तवा चढला नाही. बायका रात्रंदिवस लिंबाच्या डहाळीने वारा घालत बसल्या. काहींनी गोजराबाईला शिव्याही दिल्या. पण ताप उतरले, खपल्या धरल्या, गळून पडल्या. साथ शेजारच्या गावापर्यंत आली, तिथे तिने दोन पोरं नेली आणि मुरब्यात न शिरता ओसरली.

विश्रामने आळीला जेवण घातलं. मोठी पापलेटं मिळाली होती ती त्याने विकली नाहीत. कित्येक दिवसांनी तेलात लसूण पडला तेव्हा त्या वासानेच पोरं नाचायला लागली. जो तो बाही वर करून आपला वण दाखवत होता. म्हातारे होडीच्या फळीवर बसून ताडी पीत होते. विश्रामने दर्याला नारळ सोडला आणि बहिणीला सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला.

"बाय, तुज्यामुळं पोर ऱ्हायली."

"बस झालं, ऊठ," ती म्हणाली. आज तिने तोंड झाकलं नव्हतं. वड्यांचं ताट घेऊन ती पंगतीत वाढायला उतरली.

गोदूसमोर ती वाकली तशी पोरगी मागे सरकली. वडा ताटात पडला तो तिने हातात घेतला नाही. आईच्या पाठीशी जाऊन तिने लुगड्यात तोंड खुपसलं. शेजारच्या पानावरची दोन पोरंही खाली मान घालून बसली. ताप आल्यापासून गोदू आईजवळ झोपत होती. तापातली पोर आईलाच धरणार, असं गोजराबाईने मनाला सांगितलं होतं.

इंदुबाई ओशाळली. "वन्सं, ल्हान हाय ती. मीच तवा तसं बोलले, जीभ झडो माजी. इसरंल दोन दिसांत."

गोजराबाईने ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"इसरू दिऊ नको. चार वर्सांनी परत टोचायचं असतं. भ्यायली तरच हात फुडं करंल."

पंगत पुढे वाढून झाली. ती स्वतः जेवली की नाही, कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आठवड्याने सावे पुन्हा आले. या खेपेला पेटी सातपाटीसाठी होती. ते बराच वेळ ओटीवर बसून राहिले, पाणी प्यायले, पावसाचं बोलले. शेवटी म्हणाले, "मावशी, तिकडेही दारं उघडत नाहीत. तुम्हाला 'या' म्हणायला जीभ रेटत नाही माझी."

"खाडीवरची होडी सुटायची येळ झाली आसंल," ती म्हणाली आणि पायात वहाणा घातल्या.

खाडी ओलांडून ती दोघं सातपाटीच्या पहिल्या आळीत शिरली. एका दारात तरणी बाई पोराला पोटाशी घट्ट धरून उभी होती. साव्यांनी पेटी खाली ठेवली. त्या बाईने गोजराबाईकडे पाहिलं, दचकली, आणि मग हळूच पोराचं तोंड तिच्याकडे वळवलं.

पोराचं बघून होईपर्यंत गोजराबाई उन्हात तशीच उभी राहिली.