भिंतीतलं पाणी

दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची भिंत आतून वाहते आहे, हे प्लंबरला कळलं ते दाढी करताना. नळ बंद केला, तोंड पुसलं, तरी पाण्याचा आवाज थांबेना. बारीक आणि सलग, दातांच्या फटीतून कोणी हवा सोडावी तसा. त्याने ब्रशचा पेला रिकामा करून भिंतीला टेकवला आणि पेल्याला कान लावला. तीस वर्षं त्याने हेच तर केलं होतं. गरम पाण्याची लाइन होती. भोक असेल टाचणीएवढं, पण दाबाखाली.

आता तो कामाला नव्हता. बावन्नाव्या वर्षी त्याचं डोकं फिरलं. हा शब्द त्याचाच, बाकीचे 'आजारपण' म्हणत. मग चार वर्षं दवाखाने, एक अख्खा हिवाळा रस्त्यावर, आणि शेवटी ही इमारत. चार मजले, चाळीस खोल्या, सगळी त्याच्यासारखीच माणसं. खाली ऑफिसात दिवसरात्र कोणीतरी असायचं, औषधाची आठवण करायचं, डॉक्टरची तारीख लावून द्यायचं. इमारत साठ वर्षांची होती, खिडक्यांतून वारा घुसायचा, बॉयलर म्हाताऱ्यासारखा खोकायचा. पण खोलीची किल्ली त्याच्या स्वतःच्या खिशात होती, आणि एकदा किल्ली गमावलेल्या माणसाला त्याहून जास्त काही लागत नाही.

त्याच आठवड्यात मॅनेजरांनी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. इमारतीचं पर्यावरणाला जपणारं नूतनीकरण करायचं होतं. पडद्यावर चित्रं आली: गच्चीवर सोलर पॅनेल, खिडक्यांना दुहेरी काचा, बाहेरच्या भिंतींना आतल्या अंगाने ऊब राखणाऱ्या इन्सुलेशनच्या जाड फळ्या, पाणी वाचवणारे नळ. काम चांगलं होतं, प्लंबरला पटलंही.

"पाण्याचा एक थेंब वाया जाणार नाही," मॅनेजर म्हणाले. "काही प्रश्न?" आणि विचारता विचारताच लॅपटॉप मिटू लागले.

प्लंबरने हात वर केला. "दुसऱ्या मजल्यावर न्हाणीघराच्या भिंतीत गरम पाण्याचा पाइप गळतोय. फळ्या ठोकायच्या आधी ती भिंत उघडा. नाहीतर ओल आत कोंडेल आणि भिंत सडेल."

"मी पाहिलीये ती भिंत, काका," काम घेतलेला तरुण इंजिनिअर म्हणाला. "कोरडी आहे."

"वरून कोरडी. पाणी आतल्या पोकळीतून खाली जातंय. मला ऐकू येतंय ना."

'ऐकू येतंय' म्हटल्याबरोबर मॅनेजरांनी ताईकडे पाहिलं आणि ताईने वहीत काहीतरी लिहिलं.

ताई म्हणजे त्या मजल्याची समाजसेविका. वयाने त्याच्या मुलीसारखी, पण सगळे ताईच म्हणत. संध्याकाळी ती त्याच्या खोलीत आली, खुर्ची ओढून बसली.

"काका, हा आवाज कधीपासून येतोय?"

"सोमवारपासून."

"दिवसा येतो की रात्री?"

"गळणारा पाइप घड्याळ बघत नाही."

"बरं. आणि तो आवाज तुमच्याशी काही बोलतो का?"

प्लंबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाणी आहे ते! पाणी काय बोलणार माझ्याशी?"

आजारातले आवाज त्याला चांगले ठाऊक होते. ते शिव्या द्यायचे, कुठेही गेलं तरी पाठ सोडायचे नाहीत. हा आवाज भिंतीपासून चार पावलं लांब गेलं की विरायचा. हे त्याने तिला समजावलं, हात धरून न्हाणीघरात नेलं, पेला दिला. तिने लहान मुलाचं मन राखावं तसा पेल्याला कान लावला. नेमकी त्याच वेळी खालून बस गेली.

"मला नाही येत ऐकू, काका," ती हळुवारपणे म्हणाली. "आपण डॉक्टरांची तारीख जरा अलीकडे घेऊया का?"

तो ओरडला. ओरडला हेही लिहिलं गेलं. दोन दिवसांत तारीख मिळाली आणि डॉक्टरने मान वर न करता डोस वाढवला. पुढचे आठ दिवस त्याचे पाय कापसाचे झाले, जीभ जड झाली, सूपाचा चमचा तोंडापर्यंत जाईना. जरा शुद्धीवर आला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर फळ्या लागून वर पांढरा रंगही झाला होता. त्याने फळीला कान लावला. आता काहीच ऐकू येत नव्हतं. फळ्या चांगल्या प्रतीच्या होत्या.

रविवारी धाकटी बहीण आली. ताईने तिला फोन केला होता.

"दादा, यांच्याशी भांडू नकोस रे. ही जागा गेली तर मी तुला कुठे नेऊ? आमच्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं."

"तुलाही वाटतं मी बरळतोय?"

"मला कळत नाही, दादा. मागे तू म्हणायचास, शेजारचा माणूस आपल्या घराखाली बोगदा खणतोय. तेव्हाही अगदी असंच ठासून सांगायचास."

त्याला बहिणीचा राग आला, मग स्वतःच्या डोक्याचा आला, आणि हा दुसरा राग जास्त वाईट होता. स्वतःच्या कानांवरसुद्धा हक्काने विश्वास ठेवता येऊ नये, म्हणजे माणसाकडे उरलं काय?

"ऐकायचं काही सांगू नकोस," निघताना ती म्हणाली. "डोळ्यांना दिसेल असं दाखव. मग मी तुझ्या बाजूने भांडते."

जिना उतरणाऱ्या तिच्या पाठीकडे बघता बघता त्याला एकदम तळघरातला मीटर आठवला. इतका साधा उपाय! गोळ्यांनी डोक्यात भुसा भरला नसता तर पहिल्याच दिवशी सुचला असता.

सोमवारचा दिवस त्याने दारं ठोठावण्यात घालवला. या इमारतीत कोणी कोणाचं दार ठोठावत नाही. निम्म्यांनी साखळी लावूनच फटीतून ऐकलं. "उद्या अकरा ते सव्वाअकरा, नळ सोडायचा नाही, फ्लश ओढायचा नाही. भिंतीत पाणी मुरतंय, आणि या वेळी खरोखरचं मुरतंय."

"आणि लागली तर?" चौथ्या मजल्यावरच्या जाड्याने विचारलं.

"कर की. फक्त ओढू नकोस."

तिसऱ्या मजल्यावरच्या काठीवाल्या आजींनी मात्र दार सताड उघडलं. "हॉलमध्ये ऐकलं मी तुझं. मला विचारलंच नाही कोणी, नाहीतर मीही चार गोष्टी सांगितल्या असत्या. कपडे धुण्याच्या मशीनची खोली माझ्याकडे सोड. कोण आत जातो तेच बघते."

मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना प्लंबर ऑफिसच्या दारात उभा राहिला. मॅनेजर आणि इंजिनिअर चहा पीत होते.

"साहेब, तळघरात चला."

"काका, आत्ता जरा काम—"

"पंधरा मिनिटं. तुम्ही येईपर्यंत मी इथून हलत नाही."

इंजिनिअरनेच कप खाली ठेवला. मग मॅनेजरही नाइलाजाने उठले, आणि मागोमाग ताई.

पाण्याच्या मीटरच्या काचेआड आकड्यांशेजारी एक बारीक लाल चकती असते. अगदी थोडं पाणी गेलं तरी ती फिरते. चाळीस खोल्यांचे नळ बंद होते, आणि चकती गरगरत होती. प्लंबरने गरम पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. चकती थांबली. उघडला, ती फिरू लागली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. इंजिनिअर गुडघ्यावर बसून बघत राहिला.

"मीटर जुना आहे," मॅनेजर म्हणाले. "त्याच्यातच काही बिघाड..."

"मीटरलाही गोळ्या द्या मग!" प्लंबरचा आवाज तळघरात घुमला. "त्यालाही आठ दिवस झोपवा! वर थेंब वाचवायची चित्रं दाखवता आणि इथे तापवलेलं पाणी मातीत जातंय. तीस वर्षं हेच काम केलं मी. माझ्या जागी बाहेरचा प्लंबर हेच बोलला असता तर तुम्ही भिंत फोडली असती. मी बोललो, तर माझं डोकं तपासलंत!"

इंजिनिअर उठला, गुडघे झटकले. "साहेब, मीटर ठीक आहे. उद्या फळ्या काढतो."

फळ्या निघाल्या तेव्हा मजल्यावर कुबट वास पसरला. मागची भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत काळ्या बुरशीने भरली होती, बोट लावलं तर गिलावा ओल्या पावासारखा सुटत होता. आत पाइपच्या वळणावरचा जोड, एल्बो, गंजला होता आणि त्यातून दोऱ्याएवढी धार उडत होती. माणसं खोल्यांतून बाहेर येऊन बघू लागली. बहीणही आली, मुद्दाम सुट्टी काढून.

"तुझंच बरोबर होतं, दादा."

"बोगद्याचं नव्हतं," तो म्हणाला. "ते मला माहीत आहे. पण म्हणून हे खोटं होत नाही."

मॅनेजरांनी हात चोळत म्हटलं, "वेळेत लक्षात आलं, हे बरं झालं."

"कोणाच्या लक्षात आलं?" प्लंबरने विचारलं.

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. दोन दिवसांनी मात्र संस्थेच्या पत्रकासाठी त्याचा फोटो मागितला, 'रहिवाशांचा सहभाग' म्हणून. त्याने साफ नाही म्हटलं. "फोटो नको. माझा डोस आधी होता तेवढा करा." डोस वाढवायला दोन दिवसांत तारीख मिळाली होती. कमी करायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत एकदा ताई आली. या वेळी तिच्या हातात वही नव्हती. ती खुर्चीत बसलीही नाही.

"काका, माझं चुकलं."

"हो, चुकलं."

"मला वाटलं, तुमच्या भल्यासाठीच..."

"ते तुला वाटलं. मला चमचा धरवत नव्हता." तिचे डोळे भरून आले, पण त्याने तिची समजूत काढली नाही. "तू वाईट पोरगी नाहीस. पण माझा राग इतक्यात जाणार नाही, आणि तो जावा म्हणून मी गोळी घेणार नाही. यापुढे इथलं कोणीही काही मोडलंय म्हणून सांगेल, तर आधी जाऊन ती वस्तू बघायची. माणसाची तपासणी त्यानंतर."

तिने मान हलवली. "लिहून ठेवू का हे?"

"लिही. आणि भिंतीवर लाव, सगळ्यांना दिसेल असं."

बाहेर इंजिनिअर हाक मारत होता. वरच्या दोन मजल्यांची न्हाणीघरं अजून फळ्यांवाचून होती, आणि काकांनी पाहिल्याशिवाय तिथे खिळा मारायचा नाही असं त्याने आपल्या माणसांना बजावलं होतं. प्लंबरचे पाय अजून लटपटत होते. जिन्याचा कठडा घट्ट धरून, इंजिनिअरने पुढे केलेला हात बाजूला सारत, तो एकेक पायरी वर चढू लागला.