सहा मिलिमीटर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. उमरग्यात हायवेच्या कडेला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मी जुन्या व्हिडिओ गेमच्या डिस्कच्या प्रती काढून ठेवतो. विकायला नाही, जपायला. कॉपी म्हटलं की लोकांना एक तर बारावीची परीक्षा आठवते, नाहीतर पोलिसांची धाड, म्हणून मी आपला प्रत म्हणतो. माझ्यासारखे शे-दोनशे वेडे देशभर आहेत आणि आमचा नियम एकच: डिस्क दोन वेगळ्या ड्राइव्हवर दोनदा वाचायची, दोन्ही प्रती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळल्या तरच ती खरी प्रत. "नेटवर मिळतंय की सगळं," असं म्हणणाऱ्यांशी मी अजूनही भांडतो. बायको म्हणते, एवढं भांडण बिल थकवणाऱ्या गिऱ्हाइकांशी केलं असतंस तर बरं झालं असतं.

भित्रा का, तर दोन वर्षांपूर्वी एक डिस्क माझ्या ड्राइव्हमध्ये फुटली. मधल्या भोकाजवळ बारीक चीर होती, मी बघितलीच नाही आणि फुल स्पीडला लावली. आत कुणीतरी थाळी आपटावी तसा आवाज झाला आणि ट्रे उघडला तेव्हा नुसता चुरा. तिचा मालक भला माणूस, एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून कुठलीही डिस्क हातात आली की मी आधी टॉर्च लावून तिचं मधलं भोक बघतो, आणि ड्राइव्ह फिरायला लागला की मी खुर्ची मागं सरकवतो. बावीस वर्षं या धंद्यात असूनही सरकवतो.

झरीन रविवारी दुपारी आली. सव्वीस वर्षांची, इथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिचे वडील बाबामियाँ जन्मभर ट्रकवर क्लीनर होते. तिनं ओढणीत गुंडाळलेला स्टीलचा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि आत हात न घालता माझ्याकडं सरकवला.

"रणधीरभाऊ, ह्यात अब्बांचा आवाज हाय. तेवढा काढून द्या."

ही डिस्क मला ऐकून माहीत होती. २००४ साली आमच्या गल्लीतल्या बसवेशनं, तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, ट्रक रिव्हर्स घेण्याचा गेम बनवला होता. धाब्यामागं ट्रक लावा, बोळात घाला, आणि सगळ्यात शेवटी तेरखेड्याचे फटाके भरलेला ट्रक गोदामाला टेकवा. कुठं घासला की धडाम. मागं उभं राहून सांगणारा क्लीनर पाहिजे म्हणून त्यानं बाबामियाँना घरी नेऊन माईकसमोर बसवलं. पाच-सहा सीड्या राईट केल्या, एक त्यांना दिली. पुढं बसवेशची हार्ड डिस्क गेली, बाकीच्या सीड्या कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही. मी हैदराबादला त्याला फोन लावला होता तेव्हा म्हणाला, "माझ्याकडं काय बी न्हाय राहिलं रे. बाबामियाँकडं असली तर असंल."

आणि २००९ साली बाबामियाँच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. घरात तेव्हा साधा बटनांचा फोन, त्यामुळं त्यांचा आवाज कुठंही साठवलेला नाही. झरीन तेव्हा दहा वर्षांची होती.

"तुला आठवतो ना आवाज?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न.

"आठवतो असं वाटतं. पण खराच आठवतो का मीच मनानं बनवलाय, ते कळत न्हाय भाऊ. सोळा वर्षं झाली."

मी डिस्क टॉर्चखाली धरली. भोकापासून बाहेर गेलेली चीर होती. पट्टी लावून मोजली, नऊ मिलिमीटर. डिस्कचा मधला भाग कोरा असतो. चीर अजून त्या कोऱ्या भागात होती, म्हणून काही बिघडलं नव्हतं. पण आणखी सहा मिलिमीटर सरकली की डिस्कची अनुक्रमणिका लागते. तिथं चीर पोचली की मशीनला डिस्क ओळखूच येत नाही. आत आवाज असून नसल्यासारखा.

"अब्बांना सांगून आणलीस?"

"न्हाय. फुटली तर? त्यांचा आवाज एकदा गेलाय. त्यांच्या डोळ्यादेखत पुन्हा जायला नको."

मला त्या क्षणी म्हणावंसं वाटलं, दुसऱ्या कुणाकडं जा. ओठावर आलं होतं. पण दुसरा कोण आहे या भागात? पुण्याला कुरिअरनं पाठवली असती तर वाटेतच दोन तुकडे झाले असते.

मी पंखा बंद केला. हायवेवरनं ट्रक गेला की माझं टेबल हलतं, म्हणून ड्राइव्हखाली घरातली जुनी गोधडी घडी करून ठेवली. सगळ्यात कमी स्पीड लावला. ट्रे आत गेला आणि डिस्क फिरायला लागली. झरीन स्टुलावर बसली होती. दोघंही श्वास रोखून, बोललो तर फुटेल अशा थाटात. वीस मिनिटं मी त्या घूंऽऽ आवाजाकडं कान लावून होतो. त्यात जरा खरखर झाली की माझं बोट बंद करायच्या बटणाकडं जायचं. लाईट गेली तर, या भीतीनं मी मध्येच उठून इन्व्हर्टरचा दिवा बघून आलो, दोनदा.

प्रत निघाली. डिस्क बाहेर काढून पट्टी लावली. चीर बारा मिलिमीटर झाली होती.

"आता तीनच उरले," मी म्हणालो, आणि माझा आवाज माझाच मला ओळखू आला नाही.

आम्ही स्पीकर लावला. आधी बसवेशचं कसलंसं संगीत, मग माणूस. भारदस्त, खर्जातला, थोडा तंबाखूचा.

"येऊ द्या, येऊ द्या... जरा डावीकडं... अजून येऊ द्या... बस्स!"

झरीननं तोंडावर हात घेतला. "ह्योच," ती म्हणाली. "ह्योच की भाऊ!" मला इतकं बरं वाटलं की मी चहा सांगायला उठलो. तेवढ्यात शेवटचा भाग लागला. धडाम! बसवेशनं खरा सुतळी बॉम्ब अंगणात फोडून आवाज घेतला होता. त्याच्या मागोमाग एका लहान पोरीचं घाबरून किंचाळणं, आणि मग बाबामियाँचा आवाज, एकदम चढलेला:

"नक्को बेटा!"

आणि रेकॉर्डिंग संपलं.

झरीनचा हात तोंडावरनं खाली आला. "ती पोरगी मीच," ती हळू म्हणाली. "अम्मी म्हणायची, मी तिथं होते म्हणून. मी रडत अब्बांकडं गेले असंन. आन अब्बांनी नको म्हटलं."

मला ते खटकलं. मी तेवढाच तुकडा पडद्यावर मोठा करून बघितला. 'नक्को'च्या आधी अर्धा सेकंद आवाजाची रेघ अगदी गुळगुळीत होती. माणसाचा आवाज इतका गुळगुळीत नसतो. तिथं डिस्क वाचता आली नव्हती आणि ड्राइव्हनं दोन्ही टोकं आपल्या अंदाजानं जोडून टाकली होती. बसवेशनं आवाज गाण्याच्या सीडीसारखा राईट केला होता, आणि तशा आवाजाला ड्राइव्ह असं करतो. कानाला कळतसुद्धा नाही की मधलं काही गेलंय. मी डिस्क उलटी करून वरची बाजू बघितली. बरोबर त्या जागी बॉलपेनानं उर्दूत काहीतरी लिहिलेलं, चांगलं दाबून.

"बॉलपेनानं कोण लिहितं डिस्कवर!" मी ओरडलोच. "लोकांना वाटतं चकचकीत बाजू जपली की झालं. सगळं या वरच्या बाजूला चिकटलेलं असतं, कागदाइतक्या थरात! काय लिहिलंय हे एवढं?"

"माझं नाव. अब्बांनी लिवलंय. कुणी उचलून नेऊ नये म्हणून."

मी डिस्क हलकेच टेबलावर ठेवली. मग मी जे बोललो ते भित्र्या माणसाचं बोलणं होतं. "झरीन, तिथं एखादा शब्द गेलाय. पण हे आता इथंच थांबवू. बाकी सगळा आवाज आलाय ना? काय म्हणाले होते ते अब्बांनाच विचार. तू तर त्यांचे ओठ वाचतेस."

"अब्बा मला बरं वाटंल तेच सांगतील."

"आणि पुन्हा लावली आणि फुटली तर? मग कायमचं हेच राहील. नक्को बेटा. ही चीर बघ, तीन मिलिमीटर."

"बघितली." ती माझ्याकडं न बघता डिस्ककडं बघत होती. घाबरली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं. "आमच्याकडं रिपोर्टचा संशय आला की आमी पुन्हा रक्त लावतो. अंदाज लिवून देत न्हाय. भाऊ, अंदाज माझ्याकडं हायच की. सोळा वर्षं त्योच ऐकतेय मी."

माझा दुसरा ड्राइव्ह वीस वर्षांचा आहे. हळू, कुरकुऱ्या, पण खराब डिस्क वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. या वेळी सगळी डिस्क नको, शेवटचा तेवढाच तुकडा घ्यायचा ठरवलं. तरी सुरुवातीचा गरका चुकत नाही आणि चीर सरकते ती त्या गरक्यातच. मी हायवेकडं कान लावून ट्रक जायची वाट बघितली. एक गेला, दुसरा गेला. मग रस्ता गप्प झाला आणि आता मला कारण उरलं नाही. मी बटण दाबलं.

घूंऽऽ. अनुक्रमणिका वाचली, डिस्क ओळखली. डिस्क वाचणारं हेड बाहेरच्या बाजूला सरकल्याचा खर्र आवाज. मग आतून 'टक्' झालं.

झरीन उभी राहिली. मी हात वर करून तिला थांबवलं, का ते मलाही माहीत नाही. ड्राइव्ह अजून फिरत होता, पण सुरात नाही, लंगडत. पडद्यावरचे आकडे पुढं सरकत होते. ऐंशी टक्के. नव्वद. मी देवाचं नाव घेतलं, तीही काहीतरी पुटपुटत होती. शंभर झालं आणि मी थांबवण्यासाठी बटण दाबलं. वेग उतरता उतरता कडाडकन आवाज झाला आणि सगळं शांत.

ट्रे अर्धाच उघडला. स्क्रू ड्रायव्हरनं ओढून बाहेर काढला. डिस्कचे तीन तुकडे, एकावर त्या उर्दू नावाची दोन अक्षरं. दोन वर्षांपूर्वीचा तो भला माणूस डोळ्यांसमोर आला.

"आलं का?" झरीननं विचारलं. तुकड्यांकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

मला फाइल उघडायचीही भीती वाटत होती. उघडली. त्या अर्ध्या सेकंदाची रेघ आता खडबडीत होती, दातेरी, माणसाच्या आवाजासारखी. मी वाजवलं. धडाम. पोरीची किंकाळी. आणि मग:

"डर नक्को बेटा!"

झरीन स्टूल ओढून स्पीकरजवळ बसली. रडली नाही, हसलीही नाही. "पुन्हा लावा," म्हणाली. मी लावलं. आवाज चढलेला होता खरा, पण एवढ्या मोठ्या बॉम्बनंतर कानठळ्या बसलेला माणूस तसाच बोलणार. हे ऐकलं की कळत होतं.

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण इतक्या वर्षांची खोड. "एक सांगतो," मी म्हणालो, "आमच्या नियमानं ही खरी प्रत धरता येत नाही. दोन वाचनं जुळली नाहीत. तिसऱ्यांदा जुळवायला डिस्कच उरली नाही." बोलताना माझाच मला राग येत होता. पण खोटं लिहून द्यायचं असतं तर एवढी भीती कशाला खाल्ली?

ती चपला घालत म्हणाली, "मग मुळाशी जुळवून बघू की. मूळ घरी बसलंय."

पंधरा मिनिटांत ती बाबामियाँना घेऊन आली. गळ्याच्या भोकावर पांढरा रुमाल, अंगात स्वच्छ नेहरू शर्ट. वाटेत तिनं डिस्क फुटल्याचं सांगितलं असावं, कारण टेबलावरचे तुकडे बघून त्यांनी हातानंच 'जाऊ दे' म्हटलं आणि मला खुर्चीकडं खूण केली, म्हणजे मीच बसावं. माझं तोंड तसं झालं असणार. शब्द कुठला सापडला, ते तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. मला तिनं डोळ्यांनी बजावलं होतं.

स्वतःचं 'येऊ द्या, येऊ द्या' त्यांनी मान खाली घालून ऐकलं. हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. मला त्यांच्याकडं बघवेना. नाहीच आठवलं तर? मान हलवून नाही म्हणाले तर? झरीन भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पाच वर्षांच्या पोरीचा झाला होता, इतकी ती भ्याली होती.

धडाम झालं. बाबामियाँ दचकले. आणि दचकले तसे कॉम्प्युटरकडं नाही, गर्रकन मागं वळून झरीनकडं बघत त्यांनी हात पुढं केला आणि त्यांचे ओठ हलले. 'डर', मलासुद्धा वाचता आलं. स्पीकर त्यांच्यानंतर बोलला.

झरीन त्यांच्या तोंडाकडंच बघत होती. स्पीकरमधलं तिनं ऐकलंच नाही. मला ते पुन्हा लावावं लागलं.