वाकड्या चोचीची फुलदाणी

मित्रांनो, मी एक जुनी फुलदाणी आहे. मला पाहून हसू आले तर खुशाल हसा, मला त्याची सवय आहे.

माझ्या कुंभाराला खरे तर राजहंस करायचा होता. मान सुरेख वळली होती, पंखही नीट बसले होते. शेवटी चोच लावताना त्याला सणसणीत शिंक आली, चोच डावीकडे सरकली आणि मी तशीच भट्टीत गेले. बाहेर आले ते एक बदक, तेही सगळ्या जगाकडे पाहून तोंड वाकडे करणारे. वर त्याने मला हिरवट-पिवळा रंग फासला, कारण इतर भांड्यांना देऊन तेवढाच उरला होता.

एका चिक्कू मामांनी भाचीच्या लग्नात आहेर म्हणून मला घेतले. भाचीने मला खोक्यातून काढले, मामांकडे पाहून "अय्या, किती वेगळी!" म्हटले आणि लगेच त्याच खोक्यात ठेवून दिले. 'वेगळी' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पुढे तिने मला गावातल्या सेवा मंडळाच्या लिलावात देऊन टाकले.

या मंडळाची एक गाडी आहे. ज्यांना एकट्याने बाहेर पडता येत नाही अशा आजारी माणसांना ती घरून घेते, व्यायामोपचारांच्या केंद्रात नेते आणि परत आणून सोडते. तिच्या खर्चासाठी मंडळ दरवर्षी जुन्या वस्तूंचा लिलाव करते. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत आणि खजिनदार हार्डवेअरवाले काका.

माझ्या पहिल्या लिलावात कुणीच हात वर करेना. डॉक्टर घसा कोरडा पडेपर्यंत माझे गुण गात होते. शेवटी काका वैतागून उठले.

"हे घ्या पैसे, पण हिला माझ्या घरी पाठवू नका. त्या शिंपीणताईंकडे पाठवा!"

"माझ्याकडे?" शिंपीणताई ताडकन उठल्या. "मी दुप्पट देते. वकीलसाहेबांच्या गळ्यात बांधा!"

वकीलसाहेबांनी आणखी कुणाचे तरी नाव घेतले, आणि अशी आमच्या मंडळात उलटी बोली सुरू झाली. मी आपल्याकडे येऊ नये म्हणून पैसे भरायचे आणि दुसऱ्याचे नाव पुढे करायचे. प्रत्येकाची बोली मंडळाच्या पेटीत जायची. जो शेवटी थकून गप्प बसेल त्याने मला वर्षभर बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवायची आणि पुढच्या लिलावाला परत आणायची. या परत आणण्याला मंडळी 'फुलदाणी माहेरी आली' असे म्हणत. अशी मी दरवर्षी नवे सासर पाहिले.

काकांच्या घरी माझ्या पोटात किल्ल्या असत. शिंपीणताईंनी मापाची टेप आणि खडू ठेवले. वकीलसाहेबांची अशिले आधी माझ्याकडे पाहत आणि मग आवाज खाली आणून बोलत. धूळ मात्र कुणीच पुसली नाही.

लिलावाच्या दिवशी डॉक्टर माझ्या पाठीवर थोपटून म्हणत, "ही आपल्या मंडळाची सगळ्यात कमावती मुलगी!" मित्रांनो, ऐकून बरे वाटायचे, पण ती कमाई कशाची होती? मी कुणालाच नको होते, त्याची. त्या पैशांवर गाडी चालत होती म्हणून मी निमूटपणे सोसत होते. एकदा तरी कुणी 'हवी' म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती.

यंदा गाडीच्या इंजिनाने राम म्हटला. गाडी मंडळाच्या अंगणात उभी राहिली आणि तिच्यातून जाणारी माणसे घरात अडकली. दुरुस्तीचा खर्च ऐकून काका तांब्याभर पाणी प्यायले. सगळी भिस्त माझ्यावर होती, म्हणून या वेळी मला चक्क साबण लावून अंघोळ घातली.

सभासदांचे हात सढळ व्हावेत म्हणून गाडीतून जाणाऱ्या काही जणांनाही रिक्षा करून आणले होते. पहिल्या रांगेत टायपिस्ट आजी बसल्या होत्या. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचे तोंड डावीकडे वाकडे झाले होते. उपचारांनी गुण येऊ लागला होता, तोच गाडी बंद पडली.

डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवले. "चला, कुणाच्या घरी पाठवायची हिला?"

काका उठणार इतक्यात आजींनी हात वर केला.

"माझ्या घरी द्या. मला हवीय."

तो शब्द ऐकून मी टेबलावर कलंडायचीच बाकी होते. काकांनी मात्र कपाळाला हात लावला. स्वतःहून घेणारे माणूस मिळाले, मग टाळण्यासाठी पैसे कोण भरणार? सुरू होण्याआधीच बोली संपली होती.

"आजी, नीट पाहिलीत का?" डॉक्टरांना घाम फुटला. "जवळून?"

"येता-जाता दचकाल हो!" काका म्हणाले. "आणि तिची ती चोच..."

"चोचीसाठीच हवीय," आजी म्हणाल्या. "आरशात बघून तोंडाचे व्यायाम करायला सांगतात, पण आरसा धरला की मला रडू येतं. हिच्याकडे बघून करीन. दोघींची तोंडं एकाच बाजूला गेलीत."

कुणी हसले नाही. माझ्या चोचीवर इतकी वर्षे सगळ्यात मोठ्याने हसणारे काका आपल्या चपलांकडे पाहू लागले. खरे सांगते, मला त्यांची मुळीच दया आली नाही.

डॉक्टरांनी हळूच समजावले, "आजी, तुम्ही नेलीत तर बोली होणार नाही. बोली नाही, तर गाडी नाही. मग तुमचे उपचार कसे होणार?"

"अगंबाई, हे आधी नाही का सांगायचं!" आजींनी हात खाली घेतला. "मग मला नको."

मित्रांनो, मी कशीबशी दोन मिनिटे कुणाला तरी हवी होते. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात काकांची बायको उभी राहिली. "मग मला हवीय. मी बोली लावते."

"अगं, तू काय..."

"तुम्ही बसा हो! ती गेल्यापासून घरात एक किल्ली सापडत नाही."

"वा! मग माझ्या टेपनं कुठं जायचं?" शिंपीणताईंनी पर्स उघडली.

"माझी अशिलं हल्ली फार आरडाओरडा करतात," वकीलसाहेबही सरसावले. "हिच्यासमोर कशी गप बसायची!"

बघता बघता बोली सुलटी झाली. पैसे पेटीत पडत होते, काका मोजत होते, काकू कुणाला ऐकत नव्हत्या. अखेर काका ओरडले, "झालं! इंजिनाचा खर्च सुटला!" त्याच क्षणी डॉक्टरांनी टेबलावर हातोडी आपटली.

"दिली! आजींना दिली!"

"अहो, माझी बोली सगळ्यात वरची होती!" काकू म्हणाल्या.

"मला ऐकू नाही आलं," म्हणाले डॉक्टर. त्यांचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. काकूंनी एकदा आजींकडे पाहिले आणि त्या खाली बसल्या. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत.

गाडी आता रोज धावते. आजी सकाळी मला समोर घेऊन बसतात, गाल फुगवतात, ओठांचा चंबू करतात, "आ, ई, ऊ" म्हणतात. मधेच "आता तू" म्हणून माझी वाट पाहतात.

मित्रांनो, घरातली एखादी वाकडी, जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिच्यावरची धूळ तरी पुसून पाहा. आणि वाकडे तोंड माणसाचे असेल तर हसण्याआधी थोडे थांबा, एवढेच माझे मागणे.

काल सकाळी आजींनी कपाटातून आरसा काढला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. तोंड सरळ झाले होते! मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आता माझे काय काम? पुन्हा खोक्यात जायची मी मनाची तयारी केली.

आजींनी आरसा पालथा ठेवला, मला जवळ ओढले आणि माझी चोच दोन बोटांत धरली.

"माझं झालं बाई," त्या म्हणाल्या. "आता तुझं बघू."